यजमानांचं ऑपरेशन कापणीनंतर चालेल, मुलाला मात्र याच आठवड्यात दाखवा

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. आमची चार एकर धानाची शेती आहे. माझ्या घरच्यांचं वय ४६. सात-आठ वर्षांपासून त्यांना अंडवृद्धीचा त्रास आहे. आधी लिंबाएवढी सूज होती, आता नारळाएवढी झाली. दुखत नाही म्हणतात, पण सायकलवर बसता येत नाही आणि बांधीत वाकून काम केलं की ओढ बसते. पँट सोडली, लुंगीवरच असतात. लग्नाकार्याला जात नाहीत. तालुक्याच्या गावातल्या एका डॉक्टरनं दोनदा सुईनं पाणी काढलं. दोन्ही वेळा ते परत भरलं आणि दुसऱ्या वेळी तर पू झाला. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणतात, रोवणी होऊ दे. मग कापणी, मग चुरणी. मोठे दीर म्हणतात, ऑपरेशन केलेला माणूस बायकोच्या कामाचा राहत नाही. चार वर्षं झाली, आम्ही वेगळे झोपतो. हा रोग मला किंवा पोरांना लागतो का? मुलीला पाहुणे बघायला येतायत, त्यांना सांगावं लागेल का? आशाताई दरवर्षी हत्तीरोगाच्या गोळ्या देते, त्यांनी सूज उतरेल का? मुलगा २० वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. दीड महिन्यापासून त्याचं पहाटेचं धावणं बंद आहे आणि धुण्यात त्याच्या दोन-दोन चड्ड्या येतात. विचारलं तर चिडतो. त्यालाही बापासारखंच होतंय की काय, असं मनात येतं. हे सगळं कुणाला विचारू?

उत्तर : ताई, मला विचारलंत ते बरं केलंत. तुमचे बहुतेक सगळे प्रश्न यजमानांबद्दल आहेत आणि त्यांची उत्तरं मी देणारच आहे. पण सुरुवात करतो ती पत्राच्या शेवटच्या ओळींपासून, कारण त्या वाचून मला तुमच्या मुलाची जास्त काळजी वाटली.

पोरगं रोज धावत होतं आणि एकाएकी थांबलं. एकावर एक दोन चड्ड्या घालतंय, म्हणजे खाली काहीतरी जड वाटतंय किंवा लोंबतंय, आणि ते आवळून धरायची त्याला गरज वाटते आहे. धुण्याच्या बादलीतून तुम्ही जे ओळखलंत, ते फार मोलाचं आहे. फक्त ‘बापासारखंच असेल’ असं धरून चालू नका. बापाच्या सुजेचा इलाज आठ वर्षं लांबला तरी चाललं, तसं याचंही चालेल, हा हिशेब इथे लागू होत नाही.

विशीतल्या मुलाच्या अंडकोषात गाठ किंवा जडपणा येण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक साधी आहेत. हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती पाणी साठणं, ज्याला आपण अंडवृद्धी म्हणतो, हे एक. हर्निया दुसरं, त्यात जांघेतून आतडं खाली उतरतं, खोकलं की सूज वाढते आणि निजलं की बरेचदा आत जाते. तिसरं व्हेरिकोसील. त्यात बहुधा डाव्या बाजूच्या शिरा फुगून त्यांचं जाळं होतं आणि बराच वेळ उभं राहिलं की ओढल्यासारखं दुखतं. धावणाऱ्या, व्यायाम करणाऱ्या मुलांना हे पटकन जाणवतं. पण आणखी एक कारण आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. वृषणाचा कॅन्सर. तो विरळ आहे, पण होतो तो जास्त करून १५ ते ४० या वयात, म्हणजे इतर कॅन्सरच्या मानानं अगदी तरुणपणी. गाठ कडक असते आणि बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणूनच मुलं महिनोन्‌महिने गप्प बसतात.

हे वाचून पोटात गोळा आला असेल, तर पुढचंही लगेच वाचा. वृषणाचा कॅन्सर हा सगळ्यात चांगला बरा होणाऱ्या कॅन्सरांपैकी आहे. लवकर सापडला तर १०० पैकी ९०हून जास्त रुग्ण पूर्ण बरे होतात, आणि शरीरात पसरल्यावरही पुष्कळ जण बरे होतात. १९७०च्या दशकात सिस्प्लॅटिन नावाचं औषध वापरात आलं आणि या आजाराचं चित्रच पालटलं. क्रिकेटपटू युवराज सिंगला २०११ सालचा विश्वचषक जिंकल्यानंतर छातीत जी गाठ सापडली, ती याच कुळातली होती. अमेरिकेत केमोथेरपी घेऊन तो २०१२मध्येच पुन्हा भारताकडून खेळला. भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला हे उदाहरण जरूर सांगा. त्याच्या मनात जी भीती असेल, ती बहुधा ‘आता माझं सगळं संपलं’ हीच असणार.

एक गोष्ट आई म्हणून तुम्हालाच आठवेल. तो तान्हा असताना दोन्ही गोट्या पिशवीत उतरल्या होत्या का? की एक वर राहिली होती आणि कुणी डॉक्टरनं ‘मोठा झाला की उतरेल’ असं सांगितलं होतं? तसं असेल तर अशा वृषणात पुढे कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

आणि ज्यानं यजमानांचं सुईनं पाणी काढलं, त्या डॉक्टरकडे मुलाला नेऊ नका. तरुण मुलाच्या वृषणात गाठ असेल तर तिच्याभोवती कधीकधी पाणीही साठतं. वरून बघताना ते साधं हायड्रोसील वाटतं. अशा वेळी सुई घातली तर गाठीतल्या पेशी बाहेर पसरण्याची भीती असते. म्हणून आधी सोनोग्राफी. तिला सुई नाही, भूल नाही, दुखत नाही, आणि पाणी कुठे आहे, गाठ वृषणाच्या आत आहे की बाहेर, हे तिच्यात स्वच्छ दिसतं. गाठ आत दिसली तर एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच अशा रक्ताच्या तीन तपासण्या करतात आणि तो वृषण जांघेतून चीर घेऊन काढतात. उरलेल्या एकावर लग्न, संसार, मूलबाळ सगळं होऊ शकतं. केमो द्यायची वेळ आलीच, तर त्याआधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारायचं. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय तुम्हाला जवळ आहे, आणि कॅन्सरचे उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात. पण हे सगळं फार पुढचं झालं. तुमच्या मुलाचं दुखणं यातलं नसण्याचीच शक्यता जास्त आहे. ते नसल्याची खात्री मात्र कागदावर हवी, अंदाजावर नको.

भरतीत नापास होईन म्हणून तो लपवत असावा, असा माझा कयास आहे. त्याला सांगा की तिथली वैद्यकीय तपासणी कपडे उतरवूनच होते. झाकलेलं तिथे उघडं पडतंच. हायड्रोसील, हर्निया किंवा व्हेरिकोसील असेल तर आताच उपचार करून मोकळं होण्यातच त्याचा फायदा आहे.

जाता जाता एक सांगतो, ते सगळ्याच आयांनी लक्षात ठेवावं. मुलाला एका बाजूच्या वृषणात अचानक असह्य कळ आली, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट पाहायची नाही. वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तरच तो वाचण्याची चांगली आशा असते. मिळेल त्या गाडीनं, रात्रीसुद्धा, सर्जन असलेल्या रुग्णालयात गाठायचं.

आता त्याला न्यायचं कुणी? २० वर्षांचा मुलगा आईला हे दाखवणार नाही आणि तुम्ही जबरदस्तीही करू नका. मला वाटतं हे काम त्याच्या वडिलांचंच आहे. तुम्ही यजमानांशी एकांतात बोला आणि त्यांच्या ऑपरेशनचा विषय त्या दिवशी काढूच नका. फक्त मुलाचं धावणं, दोन चड्ड्या आणि तुमची भीती, एवढंच सांगा. स्वतःसाठी आठ वर्षं दवाखान्याची पायरी न चढलेली माणसं पोरासाठी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीत बसतात, हे मी ओपीडीत पुष्कळ पाहिलं आहे. मुलाशी त्यांनी बोलायचं ते साधंच : मी लपवलं आणि इतकी वर्षं भोगलं, तू लपवू नको, चल, दोघंही दाखवून येऊ. दोघांनी एकाच दिवशी जावं. ग्रामीण रुग्णालयात सर्जन कोणत्या वारी असतात ते आशाताईला विचारा. नाहीतर सरळ भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या ओपीडीचा केसपेपर काढा. खिडकीवर ‘पोट दुखतं’ सांगू नका. ‘अंडकोषाला सूज आहे’ एवढं म्हटलं की योग्य खोलीत पाठवतील.

आता यजमानांकडे येतो.

ओपीडीत काय होईल ते सांगतो, म्हणजे त्यांची धास्ती कमी होईल. पडदा ओढतात, आधी उभं करून आणि मग झोपवून तपासतात, खोकायला लावतात. खोलीतला दिवा बंद करून सुजेच्या मागे टॉर्च धरतात. आत स्वच्छ पाणी असेल तर हाताचा पंजा टॉर्चसमोर धरल्यावर दिसतो तसा लालसर उजेड पलीकडे दिसतो. जुन्या सुजेत आवरण जाड झालेलं असतं, किंवा सुई टोचून आत रक्त, पू झालेला असतो. तेव्हा उजेड दिसत नाही. मग सोनोग्राफी करतात. दोन-पाच मिनिटांचं काम आहे. सर्जननं आयुष्यात असे शेकडो रुग्ण पाहिलेले असतात, त्याला यात हसण्यासारखं काहीच दिसत नाही.

तुमच्या भागात ही सूज इतक्या पुरुषांना का दिसते, त्याचं कारण डास आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, वर्धा हा सगळा हत्तीरोगाचा पट्टा. गटारातल्या, सेप्टिक टँकमधल्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावला की त्याच्यातून एका कृमीची पिल्लं माणसाच्या अंगात शिरतात. मोठे झालेले कृमी रसवाहिन्यांत, म्हणजे अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत, वर्षानुवर्षं राहतात. कुणाचा पाय सुजतो, त्याला आपण हत्तीपाय म्हणतो. पुरुषांत या कृमींना अंडकोषाजवळच्या रसवाहिन्यांत राहायला विशेष आवडतं आणि तिथे पाणी साठत जातं. या कृमींची पिल्लं रक्तात फिरतात ती रात्री, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री आठ-नऊनंतर बोट टोचून रक्त घ्यायला येतात. १८७२ साली टिमथी लुईस या डॉक्टरनं कोलकात्यात माणसाच्या रक्तात ही पिल्लं पहिल्यांदा पाहिली. तेव्हापासून एवढी वर्षं लोटली, तरी आजही जगात अडीच कोटींच्या आसपास पुरुषांना यामुळे अंडवृद्धी आहे. यजमान एकटे नाहीत. गावातल्या लुंगीवरच वावरणाऱ्या आणखी दोघा-तिघांना हेच असेल, तेही त्यांच्यासारखेच गप्प असतील. सगळीच अंडवृद्धी हत्तीरोगाची नसते, काहींना विनाकारणही होते. उपचार मात्र दोन्हींत जवळपास एकच.

तो उपचार म्हणजे ऑपरेशन. सुई नव्हे. ज्या आवरणात पाणी झिरपतं ते आवरण जागेवरच राहतं, म्हणून काढलेलं पाणी पुन्हा भरतं. दर वेळी सुईबरोबर जंतू आत जायची, रक्त साचायची भीती. यजमानांना पू झाला तो असाच. ती हर्नियाची सूज असती, तर सुई आतड्यात गेली असती. आता तिसऱ्यांदा हे करू देऊ नका.

ऑपरेशनला बहुतेक वेळा मणक्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. अंडकोषावर लहान चीर घेतात, पाणी काढतात आणि ते फुगलेलं आवरण कापून टाकतात किंवा उलटं करून शिवतात, म्हणजे पुन्हा पाणी साठायला पिशवी उरत नाही. वृषण जागच्या जागी राहतो. तासाभराचं काम. त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत घरी सोडतात. सरकारी रुग्णालयात हत्तीरोगाच्या कार्यक्रमात हे ऑपरेशन मोफत होतं.

तुमच्या दिरांना हे जरूर वाचून दाखवा : या ऑपरेशनमध्ये पुरुषपण जात नाही. ताठरता ज्या नसांमुळे, रक्तवाहिन्यांमुळे येते, त्यांना यात हातही लागत नाही. वृषण काढत नाहीत, त्यामुळे त्यातून तयार होणारं हार्मोन पूर्वीसारखंच राहतं. उलट नारळाएवढ्या सुजेत लिंग आत ओढलं जातं, लघवी कातडीवर ओघळते, आणि संबंध ठेवणं अवघड होतं ते त्या सुजेमुळे. चार वर्षं तुम्ही वेगळे झोपता, ते त्यांचं मन उडालं म्हणून नसावं. आपलं शरीर तुम्हाला दाखवायची त्यांना लाज वाटते आहे. एकदा तुम्हीच त्यांना सांगा, की मला तुमची किळस नाही, मला तुम्ही बरे व्हायला हवे आहात. हे वाक्य बायकोच्या तोंडून ऐकल्यावर ऑपरेशनला तयार झालेले पुरुष मला माहीत आहेत. जखम पूर्ण भरली, सूज उतरली आणि सर्जननं हो म्हटलं की साधारण महिना-दीड महिन्यात पुन्हा एकत्र यायला हरकत नसते.

शेतीचं म्हणाल, तर त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ओली जखम घेऊन बांधीच्या चिखलात उतरायचंच नाही, आणि तीन-चार आठवडे पोतं उचलणं, सायकल, नांगर सगळं बंद. म्हणून कापणी झाली की, थंडी पडताना तारीख घ्या. चुरणीला त्या वर्षी मजूर लावा किंवा भावकीतून कुणाला बोलवा. पण तारीख आताच, तपासणीच्या दिवशीच घेऊन या. ‘कापणीनंतर बघू’ म्हटलं की काय होतं ते तुम्ही सात वर्षं पाहिलं आहे. मध्येच ताप आला, सूज लाल झाली, दुखायला लागली, तर मात्र धान तसंच सोडून लगेच दाखवायचं.

तोवर एक करा. ते खर्रा खात असतील, आणि भंडारा जिल्ह्यात धान करणारा माणूस म्हणजे बहुधा खात असतीलच, तर ऑपरेशनच्या महिनाभर आधीपासून तो सोडवा. तंबाखूतल्या निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो, टाके पिकतात. साखर आणि बीपीही तपासून घ्या.

ऑपरेशननंतरच्या आठवड्याबद्दल आधीच सांगून ठेवतो, कारण तेव्हा घरोघरी घाबरगुंडी उडते. पट्टी सोडली की सूज जवळपास पूर्वीएवढीच दिसते, कातडी काळीनिळी असते. शेजारी म्हणतात, ऑपरेशन फेल गेलं. तसं नसतं. ती ऑपरेशनची सूज असते, ती ओसरायला बरेच आठवडे लागतात, कधी दोन-तीन महिनेसुद्धा. घट्ट लंगोट लावून ठेवायचा, झोपताना खाली घडी केलेला टॉवेल ठेवून अंडकोष उचलून धरायचा. सूज तासातासाला वाढत असेल, ताप येत असेल किंवा पू दिसत असेल, तरच परत धावायचं.

हा रोग तुम्हाला त्यांच्याजवळ झोपून, त्यांचे कपडे धुऊन, एका ताटात जेवून लागत नाही. संबंधातूनही लागत नाही. आणि तो रक्तातून पिढीजात उतरतही नाही. एका घरात दोघांना झाला तर त्याचं कारण एवढंच, की त्या घरात तेच डास सगळ्यांना चावतात, आणि तेही एक-दोनदा नाही, बरीच वर्षं. म्हणून मुलीच्या पाहुण्यांना काही सांगायचं कारण नाही. वडिलांचं हायड्रोसीलचं ऑपरेशन हे अपेंडिक्सच्या ऑपरेशनइतकंच त्यांचं खाजगी आहे. कुणी विचारलंच, तर ‘ऑपरेशन करायचंय, तारीख घेतली आहे’ इतकं पुरे.

राहिल्या गोळ्या. डीईसी आणि अल्बेंडाझोल, काही जिल्ह्यांत त्याच्या जोडीला आयव्हरमेक्टिन, अशा त्या असतात. नागपूर जिल्हा तर तिन्ही औषधं एकत्र देण्याची सुरुवात झाली त्या देशातल्या पहिल्या काही जिल्ह्यांपैकी आहे. या गोळ्या रक्तातली पिल्लं मारतात. साठलेलं पाणी त्यांनी उतरत नाही. तरीही घ्यायच्या, यजमानांनी, मुलानं, मुलीनं, तुम्ही, सगळ्यांनी. माणसाच्या रक्तात पिल्लं उरली नाहीत तर डासाला पसरवायला काही मिळत नाही, आणि तुमच्या नातवंडांना हे दुखणं होत नाही. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस यांना मात्र द्यायच्या नाहीत. गोळ्यांनंतर कुणाला ताप येतो, गरगरतं, मळमळतं. अंगातली पिल्लं मरू लागल्यानं ते होतं आणि दिवसा-दोन दिवसांत जातं. अनेक घरांत गोळ्या हातात घेऊन ‘जेवल्यावर खातो’ म्हणतात आणि त्या देवळीत ठेवून देतात. तुम्ही पुढच्या वेळी आशाताई यायच्या आधीच सगळ्यांना जेवायला घाला आणि तिच्यासमोरच गिळायला लावा.

मुलाच्या सोनोग्राफीचा कागद हातात आला की त्यावर काय लिहिलंय ते मला कळवा. तिथे सोनोग्राफीची तारीख लांबची मिळाली, तर सर्जनला ‘मुलगा २० वर्षांचा आहे, वृषणात गाठ असेल अशी भीती वाटते’ हे शब्द स्पष्ट सांगून आधीची तारीख मागा.